क्लबच्या परवान्याचा ट्रस्टी बदलायचा आहे

सर्व सभासदांना नमस्कार,

नवी कार्यकारिणी निवडून आली, पण आपल्या हॅम (हौशी) रेडिओ क्लबच्या कॉल साइनचा, म्हणजे प्रसारणात स्टेशनची ओळख सांगणाऱ्या अक्षर-अंकांचा, परवाना अजून आधीच्या ट्रस्टींच्याच नावावर आहे. शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) रिगच्या, म्हणजे रेडिओ संचाच्या, वर टाचलेला कागद बघा, नाव त्यांचंच, म्हणजे काकांचंच दिसेल. काका आता मुलाकडे टेक्सासला राहायला गेलेत.

अध्यक्ष बदलले की ट्रस्टी आपोआप बदलतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे क्लबचा परवाना ट्रस्टीच्या नावे मिळतो. त्याची नेमणूक क्लबचा पदाधिकारी करतो आणि त्याच्याकडे स्वतःचा हॅम परवाना असावाच लागतो. आपल्या अध्यक्षांची परीक्षा अजून व्हायची आहे, म्हणून ही जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवी. नाव नुसतं कागदापुरतं नसतं. आपला रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा प्रसारित करणारं स्टेशन) दर 10 मिनिटांनी मोर्समध्ये कॉल साइन वाजवतो, त्या स्टेशनसाठी ट्रस्टी उत्तरदायी असतो.

ईमेलचंही बघायला हवं. एफसीसीची पत्रं आता ईमेलनेच येतात आणि पत्ता बंद पडला तर परवानाही रद्द होऊ शकतो. तिथे कुणाचा खासगी पत्ता न देता क्लबची सामाईक पेटी द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एफआरएनचा (एफसीसीकडच्या नोंदणी क्रमांकाचा) पासवर्डही काकांकडून मागवून घेतेय.

परवाना 10 वर्षांचा असतो. मुदत संपल्यावर नूतनीकरणाला 2 वर्षं मिळतात, पण तोवर त्या कॉल साइनवर प्रसारण करता येत नाही.

इच्छुकांनी येत्या रविवारच्या नेटवर, म्हणजे रेडिओवरच्या ठरलेल्या बैठकीत, नाव सांगा.

– सचिव