मृगाच्या आत माळा रिकामा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

परवा फोनवर आईचा आवाज बसला, म्हणून पुढे बोलले नाही. पण जे ठरलंय ते लिहून कळवते. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि दादा सांगलीला येतोय. मृग लागायच्या आत माळा, मधली खोली आणि कॉटखालचं सगळं काढायचं आहे. दादानं टेम्पो सांगून ठेवलाय. तुम्हाला न विचारता ठरवलं याचं मला वाईट वाटतं. विचारलं असतं तर आपल्या घरात "दिवाळीनंतर बघू" झालं असतं, आणि दिवाळीपर्यंत मला धीर नाही.

रोजच्या कुठल्याही वस्तूला हात लागणार नाही. बाबांची खुर्ची खिडकीशीच राहील, ट्रान्झिस्टर उजव्या हाताला. पुरणयंत्र, पाटा-वरवंटा, देवघर, आजीचा तांब्याचा हंडा यातलं काहीही जाणार नाही.

बाबा, मधल्या बोळात ट्रंका आणि पेपरांचे गठ्ठे मिळून चालायला २१ इंच जागा उरते. मागच्या खेपेला मी टेपनं मोजली. वॉकर साधारण २२ ते २४ इंच रुंद असतो. म्हणजे पुढेमागे लागला तर तो त्या बोळातून जाणारच नाही. पलंगापासून मोरीपर्यंत तीन फूट मोकळी वाट हवी. रात्री तुम्ही ट्रंकेच्या कडेला धरून जाता, आणि ट्रंक फरशीवर सरकते. मला खरी भीती तिचीच वाटते.

आणि गाद्या! दोघांना नऊ. कापूस पावसाळ्यात ओल धरतो, आणि दमट गादीत डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात. तुमचा दमा श्रावणात का चाळवतो याचं निदान एक कारण तिथे आहे. डांबरगोळ्या टाकून भागत नाही, त्यांची वाफ बंद खोलीत छातीलाच त्रास देते. चार गाद्या ठेवू, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवू आणि जमिनीवर न ठेवता फळीवर रचू. पेपर आणि खोकी भिंतीला टेकवलेली असली की मागून वाळवी चढते, पुढून काही कळत नाही. जे राहील ते भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचं.

आई, भांड्यांचं तुला लागणार, मला माहीत आहे. लहानपणी दिवाळीच्या आधी ती चिंचेनं घासताना तू मला सर्वांत छोटी वाटी द्यायचीस, अजून हाताला तो आंबट वास आठवतो. पण ज्यांची कल्हई उडाली आहे त्या पितळी पातेल्यांत आमटी-ताक कळकतं, आणि कल्हईवाला आता गल्लीत वर्षा-दोन वर्षांतून येतो. वापरातली पाच-सहा निवड, त्यांना कल्हई करून आणू. बाकीची मोडीत. मोड देताना तांबं वेगळं, पितळ वेगळं करायचं, लोखंडी कड्या आधी काढायच्या, नाहीतर सगळं हलक्या भावात जातं. घरच्या काट्यावर वजन करून मगच द्यायचं.

जुन्या साड्या बोहारणीला देऊ नकोस, मी येईपर्यंत तरी. खऱ्या जरीत चांदी असते. जी साडी ठेवायची ती मलमलमध्ये गुंडाळ आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदल, नाहीतर जरीची तार घडीवर तुटते. लग्नातला शालू अर्थातच राहणार.

आता पुराच्या पाण्याचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा असतो आणि ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या वेळी तुम्ही का थांबलात ते आपल्याला ठाऊक आहे, मी पुन्हा काढत नाही. एवढंच सांगते की सामान वर न्यायला वेळ गेला आणि निघायची वेळ टळली. भिजलेली गादी दोघांनाही उचलत नाही, आणि पाणी ओसरल्यावर ती वाळवायला महिना पुरत नाही, आतून बुरशी धरते. म्हणून यापुढे खालच्या मजल्यावर तेवढंच ठेवायचं, जे दोन तासांत वर नेता येईल. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, पासबुकं, बाबांची औषधांची फाइल हे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत्ताच वर ठेवा. इन्व्हर्टरची बॅटरीही जमिनीवर नको. तिला उंच स्टँड करून घेऊ.

जुनी औषधं तारीख बघून बाजूला काढा, फेकू मात्र नका, मी बघते. तुटक्या ट्यूबा वेगळ्या ठेवा, त्यांत पारा असतो.

तोवर बाबा, स्टुलावर चढायचं नाही, अगदी बल्ब बदलायलासुद्धा नाही. माळ्याची शिडी शेजारी नेऊन ठेवायला मी काकूंना सांगितलंय, त्यांच्यावर रागवू नका. आणि आई, तुझ्या खणांच्या पेटीची किल्ली तुझ्याजवळच ठेव. ती पेटी आपण दोघीच उघडू, दादा टेम्पोपाशी असताना.

तुमची,
बाळी