रिपोर्टवर पाळीचा दिवस लिहायला काय जातं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

मध्यंतरी आमच्या तालुक्याच्या गावी मोफत वंध्यत्व तपासणी शिबिर झालं, रिक्षा स्पीकर लावून वाडीवाडीत फिरली, आणि एएमएच टेस्ट, म्हणजे अंडी किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, फुकट म्हटल्यावर गर्दी होणारच, बाहेर तिला हजाराच्या वर मोजावे लागतात. तिथून रडत आलेल्या दोघीतिघींशी बोलले म्हणून हे पत्र लिहितेय. मी स्वतःही यातलीच, आम्हीपण चान्स घेतोय, त्यामुळे टीएसएच (थायरॉईडची टेस्ट), एफएसएच आणि एलएच (अंडं तयार होऊन बाहेर पडण्याशी संबंधित हार्मोन), प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) हे सगळं आता पाढ्यांसारखं पाठ झालंय.

तर मुद्दा असा की यातल्या बऱ्याच आकड्यांना पाळीचा कितवा दिवस होता हे कळल्याशिवाय अर्थच नसतो, आणि आपल्याकडे कलेक्शन सेंटरवर ते कोणी विचारतच नाही. वय विचारतात, मोबाईल नंबर विचारतात, पैसे घेतात, सुई टोचतात. सँपल कोल्हापूरला नाहीतर मुंबईला जातं आणि रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर पीडीएफ येऊन पडते, जाड अक्षरात कुठे एच (जास्त) तर कुठे एल (कमी). डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्याची. तोवर बाई गुगल करत बसते आणि सासूबाई देवळात कौल लावून येतात.

एफएसएच आणि एलएच साधारण पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघतात. मधल्या दिवसांत, अंडं बाहेर पडायच्या आधी, एलएच उसळी मारतोच, तेव्हा रक्त दिलं तर रिपोर्ट बिघडलेला दिसणार. अंडं बाहेर पडलं का हे ज्यावरून कळतं त्या प्रोजेस्टेरॉनचं तर अजून वाईट. एकविसाव्या दिवशी करा असं सरसकट सांगतात, पण ते अठ्ठावीस दिवसांची पाळी असणाऱ्यांसाठी. खरा हिशोब पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधीचा, म्हणजे जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते तिने अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास द्यायला हवं. ती बिचारी एकविसाव्याला जाते, आकडा कमी येतो आणि सेंटरवरचा पोरगाच सांगून मोकळा होतो, ताई तुमचं अंडं बनत नाही. त्याला कोणी अधिकार दिला?

प्रोलॅक्टिनची गंमत वेगळीच. ते नुसत्या टेन्शननेपण वाढतं, झोपेतून उठल्या उठल्या जास्त असतं, सुई टोचायच्या भीतीनेही वर जातं. आता पहाटेची एसटी पकडून, उलट्या करत घाटातून उतरलेल्या बाईचं पोचल्या पोचल्या रक्त काढलंत तर काय येणार? अर्धा तास बसू द्या तिला. आणि दुसरं म्हणजे ॲसिडिटीसाठी आपण सर्रास जी कॅप्सूल घेतो त्यातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन असतं, त्यानेपण प्रोलॅक्टिन वाढतं, थायरॉईड कमी काम करत असेल तरी वाढतं. माझं थोडं जास्त आलं होतं, डॉक्टरबाईंनी आधी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, मग परत करायला सांगितलं आणि ते नॉर्मल आलं. केस गळतीसाठी बायोटिन घेत असाल तर तेपण आधी सांगा, त्याने थायरॉईडसकट काही टेस्टचे आकडे चुकीचे दाखवले जातात.

आणि टीएसएच. लॅबच्या रेंजमध्ये चारच्या आसपासपर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, पण मूल हवं असेल तर बरेच डॉक्टर अडीचच्या खाली आणायला बघतात. म्हणजे लॅब म्हणते ठीक आहे आणि डॉक्टर गोळी देतात, मग घरी वाटतं डॉक्टर लुबाडतायत.

शिबिरातल्या एएमएचबद्दल मात्र राग येतो. त्यातून अंडी साधारण किती उरलीत याचा अंदाज येतो, ती कशी आहेत हे कळत नाही. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करायचं असेल तर इंजेक्शनचा डोस ठरवायला तो आकडा कामाचा. पण २०१७ साली जामा या अमेरिकन मेडिकल मासिकात एक अभ्यास आला होता, ३० ते ४४ वयाच्या, आधी वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांचा, त्यात एएमएच कमी असलेल्यांना आपोआप दिवस राहायला जास्त अडचण आली असं दिसलं नाही. इथे मात्र एका कागदावर आकडा लिहून पॅकेजचं पत्रक हातात देतात आणि सांगतात घाई करा.

त्या शिबिरात पुरुषांची तपासणीच नव्हती! साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं, वीर्यतपासणी स्वस्त आहे, सुईपण टोचत नाहीत, तरी ‘काय गो, गोड बातमी कधी देतलंस’ हे बाईलाच विचारणार. आमच्या वाडीतले निम्मे नवरे मुंबईला, येणार गणपतीला आणि शिमग्याला. दिवस राहायचे दिवस महिन्यातून पाच-सहाच, अंडं बाहेर पडायच्या आधीचे पाच आणि तो एक, ते नेमके चतुर्थीला कसे जुळून येणार सांगा, यात त्या बाईच्या हार्मोनचा काय दोष.

जिल्हा रुग्णालयाने आणि खासगी लॅबवाल्यांनी फॉर्मवर तीन रकाने वाढवावेत: पाळीचा कितवा दिवस, पाळी किती दिवसांनी येते, कुठल्या गोळ्या चालू आहेत. तेच रिपोर्टवर छापावं. खर्च शाईचा. आणि शिबिराला परवानगी देताना नवऱ्याची तपासणी आहे का हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी विचारावं.

पत्र छापलंत तर नाव छापू नका, इथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि उद्या मासळी बाजारात मलाच उत्तरं देत बसावं लागेल.

आपली एक वाचक,
मालवण तालुका