तांबडीला बल्ब का लावला नाही

सोलापूर, मे महिना

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

आपली तांबडी कोंबडी आजारी आहे हे ऐकून, आजारी कोंबडीला ऊब लागते, बल्ब लाव, असं तू फोनवर म्हणालास. खरं आहे, पण ते थंडीतलं. इथं पारा चाळिशीपार गेलाय आणि कोंबडीच्या अंगाचंच तापमान 41 अंशांच्या आसपास असतं. तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून सोडून धरायचे, एवढंच तिच्या हातात. अशा दुपारी बल्ब लावला तर आजार राहील बाजूला, उष्म्यानेच जायची बिचारी.

म्हणून तिला मोरीशेजारच्या खोलीत भाजीच्या क्रेटमध्ये ठेवलंय. खाली गोणपाट, वर जुनी चादर अर्धीच, म्हणजे वारा अडत नाही. बाकीच्या दोघी अंगणात. आधी त्यांचं दाणापाणी करते, मग हिचं, आणि साबणाने हात धुते.

सगळा जीव पाण्यावर आहे. पण पाणी तोंडात ओतायचं नाही रे. जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड असतं, ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. मी बोट बुडवून चोचीच्या कडेला थेंब लावते. ती चोच चाळवते, मान उचलते, गिळते. मग दुसरा थेंब. वेळ जातो, जाऊ दे. काल संध्याकाळी तिने आपणहून वाटीत चोच घातली, तेव्हा मला किती बरं वाटलं सांगू!

खायला ज्वारीचं पीठ सैलसर कालवून आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक. सकाळी काही द्यायच्या आधी गळ्याखालची पिशवी चाचपते. रात्रीतून ती रिकामी व्हायला हवी. परवा पीठ तसंच हाताला लागलं, म्हणून दिवसभर पाण्यावरच ठेवली. आज पिशवी मऊ आणि मोकळी आहे. विष्ठा अजून हिरवट पडते. पोटात अन्न नसलं की नुसतं पित्त उतरतं, तरी डॉक्टरांना दाखवायला कागदात बांधून ठेवली आहे.

शेजारच्या आजी कांद्याचा रस पाज म्हणाल्या. ऊन लागलं की आपण कांदा देतोच, पण पक्ष्यांना तो बाधतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आजींना तसं सांगितलं, त्यांनाही पटलं.

घरातल्या उरलेल्या गोळ्यांचं तू विचारलंस. त्या मी देणार नाही. कशासाठी देतोय तेच माहीत नसताना देऊन काय उपयोग? औषध डॉक्टर सांगतील तेच, आणि ते चालू असताना तिची अंडी कधीपर्यंत खायची नाहीत हेही त्यांनाच विचारणार आहे. मान वाकडी झालेली नाही, तोल जात नाही, म्हणून मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या त्या साथीच्या रोगाची, शंका मला कमी वाटते. पण बाकीच्या दोघींपैकी एक जरी मलूल दिसली, तर उद्याची वाट न बघता लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठेन.

तिला शेवटची लस कधी दिली ते तुझ्या वहीत असेल. आज रात्री बघून कळव, उद्या सकाळी डॉक्टरांना सांगायचंय.

तुझी,
आई