सूचना : रविवारी हैतीच्या आजींची आठवण

सभासदहो, ब्रुकलिनच्या आपल्या इमारतीतल्या हैतीच्या आजी गेल्या, हे कळलंच असेल. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे त्यांच्याकडच्या मातृदिनी, संध्याकाळी ५ वाजता तळमजल्यावर जमायचंय.

आजी तिकडे ‘मादान सारा’ होत्या. डोंगरातल्या शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा, ट्रकमध्ये पोत्यांवर बसून पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बाजारात आणून विकायचा. हैतीत बहुतेक शाळा खासगी; चारही पोरांची फी याच कमाईतून भरली. इथे आल्यावरही दर १ जानेवारीला, १८०४च्या स्वातंत्र्याची आठवण म्हणून, भोपळ्याच्या सूपचा डबा आपल्या दारी यायचा. शाकाहारी घरांसाठी बिनमटणाचा, वेगळ्या पातेल्यातला. (त्यातली मिरची भल्याभल्यांना झेपली नाही!)

हारफुलं नकोत, असं मुलींनी सांगितलंय. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका. आजींचे डबे कुणाकडे राहिले असतील, तर घेऊन या.