बंड्या, हॉटेल तू बुडवलं नाहीस

वाई

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. काकूंचा गुडघा, सुनेची नवी नोकरी, सोसायटीतलं पार्किंगचं भांडण, सगळं वाचलं. पण जाता जाता शेवटी तुझ्या वडिलांच्या हॉटेलबद्दल जे लिहिलंस, "अण्णांचं हॉटेल मी बुडवलं," ते मला मुळीच पटलेलं नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलोय.

आधी तुझी मागणी. एसटी स्टँडपासून गणपती घाटापर्यंत आपल्या वेळचं काय काय गेलं ते कळव म्हणालास. काय काय उरलंय ते विचारलं असतंस तर पत्र लवकर संपलं असतं. स्टँडजवळची खानावळ गेली. वस्तीच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि बिऱ्हाड न आणलेले मास्तर तिथे महिन्याची कूपनं घेऊन जेवायचे. रविवारी गोड असायचं म्हणून आपले गणिताचे सर रविवारीही गावी जात नसत, असं तूच सांगत सुटला होतास. पुढचं सायकलवाल्याचं दुकान गेलं. अर्ध्या सायकली तासाच्या बोलीवर, आणि निघायची वेळ खडूने पाटीवर. मेणवलीच्या वाड्यापर्यंत जाऊन तासाच्या आत परतायचं म्हणजे चेन पडता कामा नये, आणि ती हमखास पडायची. तांबटांची ठोकठोक बंद झाली. बंब गेले, गिझर आले, घागरींच्या जागी प्लास्टिकचे ड्रम आले. नवीन भांडं कोणी घडवून घेईना आणि जुन्याला कल्हई लावून घ्यायलाही कोणी येईना. हळदीच्या वखारी ओस पडल्या. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या बोळातून गेलं की शर्टाची कॉलर पिवळी होऊन यायची, आठवतं? हळद आजही आपल्या भागात पिकते, पण मोठा सौदा सांगलीला होतो.

बेकरी मात्र अशी एका ओळीत उरकता येत नाही. दिवाळीच्या आधी आपल्या आया रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घरून मोजून न्यायच्या आणि नानकटाई भाजून आणायच्या. रांगेत डबे, डब्यांवर खडूने आडनावं. तूप आपलंच वापरलं जातंय ना, हे बघायला प्रत्येक घरातलं एक पोरगं भट्टीपाशी उभं करायचे. माझ्या घरातून मीच. भट्टीवाला लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सरकवायचा आणि घड्याळाकडे न बघता बाहेर ओढायचा. फुटलेल्या नानकटाया राखण करणाऱ्या पोरांच्या, हा तिथला अलिखित कायदा होता. त्या मुद्दाम फोडल्या जायच्या असा माझा संशय आहे. पुढे घरोघरी ओव्हन आले आणि तयार फराळाची पाकिटं आली. मग दिवाळीच्या दिवसांतसुद्धा भट्टीला काम पुरेना.

आता अण्णांचं हॉटेल.

पहाटे पाचला भट्टी पेटायची. दूधवाले, पहिल्या गाडीचे लोक, घाटावर आंघोळ करून आलेली म्हातारी मंडळी. धोम धरणाचं काम चालू होतं तेव्हा तिथल्या माणसांनी बाकडी भरायची, आणि अण्णा म्हणायचे की या धरणाने आधी मला पाणी पाजलं, मग शेतांना. मराठी विश्वकोशाच्या कचेरीतली मंडळी दुपारी चहाला यायची. 1976 ला पहिला खंड निघाला तेव्हा आपण शाळकरी होतो. एक चहा दोघांत घेऊन ते लोक एका नोंदीवर अर्धा अर्धा तास वाद घालायचे आणि अण्णा गल्ल्यावरून कान देऊन ऐकायचे. सातवी झालेला माणूस, पण "हे चुकीचं छापलंय" म्हणून पेपरवर पेन्सिलीने खूण करायची सवय त्यांना तिथूनच लागली. आणि कृष्णाबाईचा, म्हणजे आपल्या कृष्णा नदीचा, उत्सव आला की हॉटेल रिकामं. आळीत प्रसादाची पानं उठत असताना मिसळ कोण खाणार? "देवीनं सुट्टी दिली," म्हणून अण्णा स्वतःच पंगतीत वाढायला जायचे.

मिसळीबद्दल लिहीत नाही. लिहिलं तर तू रात्री जागशील. बटाटेवडा मात्र बेकार होता, हे एकदा कबूल कर. आलं नाही, लसूण नाही, वर पिठाचं जाड चिलखत. तो खपायचा कटात बुडल्यामुळे.

पण बंड्या, आठवणींना तूप लावायचं तर सगळ्याच बाजूंनी लावता येत नाही. मसाला सगळा काकूंनी भाजायचा, कुटायचा. पण पुढच्या बाजूला, बाकड्यावर बसून त्यांनी कधी चहा घेतलेला मला आठवत नाही. माझ्या आईनेही नाही. बायकांसाठी मिसळ डब्यातून घरी जायची, जणू औषध. पुढे पडदा लावून एक "फॅमिली रूम" केलीत तुम्ही, तिथे पाहुण्यांच्या बायका बसायच्या, गावातल्या नाहीत. आणि कपबश्या विसळायला होता तो मुलगा. जावळीच्या खोऱ्यातला, आपल्याच वयाचा. आपण द्रविड हायस्कूलला जाताना तो फडकं मारत असायचा, परत येतानाही. अण्णा त्याला जेवायला आपल्या ताटाशेजारी बसवायचे, हे खरंच. पण शाळेत आपण गेलो. 2006 साली हॉटेलांत चौदा वर्षांखालची मुलं ठेवायला बंदी आली, तेव्हा गावातले एक-दोन हॉटेलवाले कुरकुरले की आता धंदा कसा करायचा. ज्या धंद्याचं गणित बारा वर्षांच्या पोराच्या पगारावर जुळतं, तो बंद पडला तर मला हळहळ वाटत नाही, मग मिसळ कितीही चांगली असो.

तर बुडवलं कोणी? लोक म्हणतात मॉलनी मारलं. वाईत मॉल होता कुठे? सायकलवाल्याचा मुलगा एसटीत लागला. तांबटांचा बँकेत. खानावळीवाल्या मावशींना दोन मुली, दोघी लग्न होऊन मुंबईला. मावशींचे हात चालेनात तेव्हा चूल विझली. दुकानं ज्या वाड्यांच्या पडव्यांत होती ते वाडे भावाभावांत वाटले गेले आणि बिल्डरकडे गेले. नव्या इमारतीतल्या गाळ्याचं भाडं सिंगल चहावर निघत नाही. पसरणी घाटाने वर जाणाऱ्या मोटारी गावात थांबत नाहीत. त्यांना पाचगणीला पोचून स्ट्रॉबेरी क्रीम खायचं असतं.

आणि खरं कारण तुला ठाऊक आहे. बारावीच्या परीक्षेत तू एकदा गर्दी बघून चहाचा ट्रे उचललास, तेव्हा अण्णांनी तो सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तुझ्या हातातून काढून घेतला. मी तिथेच होतो. "हे हात याच्यासाठी नाहीत," एवढंच म्हणाले. चाळीस वर्षं पहाटे उठून त्यांनी जो पैसा साठवला तो तुला पुण्याला पाठवायला, हॉटेलची जागा घ्यायला नव्हे. तू हॉटेल चालवायला परत आला असतास तर त्यांनी तुला उभं केलं नसतं. ते बंद करणं हाच त्यांचा बेत होता. तू फक्त त्यांच्या बेताप्रमाणे वागलास. आता साठीला टेकल्यावर त्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर कशाला घेतोस?

त्या जागेत सध्या मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा बरा आहे, मला स्क्रीन स्वस्तात बदलून दिली.

आता कामाचं. काकूंना विचारून दोन गोष्टी कळव. कटाच्या मसाल्यात सुकं खोबरं किती काळं होईपर्यंत भाजायचं, आणि तीळ घालायचे की खसखस? आमच्याकडे यावर तीन मतं आहेत आणि तिन्ही वेळा मिसळ वेगळीच झाली. उत्सवाला ये, काकूंना घेऊन ये. घाटाच्या पायऱ्या उतरवायची जबाबदारी माझी. आणि माळ्यावर अण्णांची उधारीची लाल वही सापडली म्हणालास, तीही आण. आमच्या वडिलांच्या नावावरची बाकी मी फेडीन. माझ्या नावाचं पान मात्र फाडून टाक.

सर्वांस नमस्कार, नातवास गोड पापा.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा