कोपराचं व्याज

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय दिल्या,

सा. न. वि. वि. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. तीन महिन्यांत तुझे नऊ फोन आले आणि मी एकही उचलला नाही. गृहप्रवेशाचा आहेर बुडवला म्हणून हा तोंड चुकवतोय, असं तुला वाटलं असेल. तोंडच चुकवत होतो, पण कारण वेगळं.

मी दात सरळ करून घेतोय. हस. हसून घे पोटभर, मी थांबतो.

तारा नाहीत. ते पारदर्शक अलाइनर असतात बघ, दातांवर खोळीसारखे बसतात, ते. घरात आम्ही खोळच म्हणतो. वर एक, खाली एक, दर दहा दिवसांनी नवा जोड. एकूण चोवीस, सध्या अकरावा चालू आहे. एका जोडात दात फार तर पाव मिलिमीटर सरकतो. पहिला जोड बसला तेव्हा पंधरा दिवस माझा 'स' गेला होता, त्याचा 'थ' व्हायचा. गुळाच्या यार्डात हमालांनी नावच पाडलं, थावकार. तेवढ्यात तुझा फोन. तुला उचलून 'थांग दिल्या' म्हणू? तू ते वडोदऱ्यापासून शिवाजी पेठेपर्यंत पोचवलं असतंस. पुढं 'स' परत आला, पण तोवर न उचलल्याचीच लाज साचली. असो.

आणि हे सगळं कुणामुळं? उजवीकडचा तो आत गेलेला दात. गांधी मैदान, १९९२, कॉर्नर किक, तुझं कोपर. तू आजही म्हणशील की मीच हेडिंगला वाकलो. मर्दा, वाकून कोण हेडिंग करतं? तेहतीस वर्षं त्या दाताच्या मागं घाण अडकायची, हिरडीतून रक्त यायचं. शेवटी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ओळ सरळ केल्याशिवाय ब्रश तिथं पोचणारच नाही. तुझ्या वहिनीला स्कूटर घ्यायची होती. ते पैसे आता माझ्या तोंडात आहेत, हे ती रोज एकदा तरी ऐकवते.

आईला वाटतं ही कवळीच. "एवढ्यात कवळी? तुझे अप्पा सत्तरीपर्यंत ऊस खात होते." तिची कवळी एका वाटीत, माझी खोळ शेजारी डबीत. एकदा मायेनं तिनं दोन्ही बंबातल्या कडत पाण्यानं धुतल्या. कवळीचं माहीत नाही, पण खोळ वाकडी झाली. कडत पाणी चालत नाही, साध्याच पाण्यात मऊ ब्रशनं धुवायची. पेस्टही नको, ओरखडे पडून ढगाळ होते. तो चौथा जोड गेला, आणि नवा येईपर्यंत परत तिसरा घालून बसलो. म्हणून आधीचा जोड कधी टाकायचा नसतो. दुसऱ्यांदा मिसळ खाताना कागदी रुमालात गुंडाळून ठेवली, पोऱ्यानं प्लेटसकट उचलली. कचऱ्याच्या बादलीत हात घालून काढली. कटानं पिवळी झालेली. ते दृश्य पम्यानं बघितलंय, तुझ्यापर्यंत आलंच असेल.

हे सगळं हसण्यावारी जाईल. आता खरी गोष्ट सांगतो, ती तुलाच कळेल.

खोळ दिवसातले बावीस तास तोंडात पाहिजे. काढायची ती जेवायला आणि दात घासायला. साधं पाणी चालतं, चहा चालत नाही. गरम चहानं प्लास्टिक वाकतं, वर डाग धरतं. मॅडमनी समजावलं होतं: दाब पडतो त्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं, मागं नवीन भरतं, म्हणून दात सरकतो. दाब तुटला की दात परत जायला बघतो. मी म्हणालो, म्हणजे गुऱ्हाळाच्या चुलवाणासारखं, जाळ एकसारखा पाहिजे, नाहीतर काहील बिघडते. त्या खूश झाल्या. मग मी खुर्चीत आ करून पडलेला असताना या खोळींचा सगळा इतिहास सांगितला, १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला शिकलेल्या दोघांनी कंपनी काढली, त्यातल्या एकाच्या मोठेपणी तारा लावून झाल्या होत्या वगैरे. १९९७ ला आपण काय करत होतो रे? तू एटीकेटी, मी अप्पांच्या शिव्या.

दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मी बावीस तास पाळले, आईशप्पथ. पण पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले आणि गूळ सुरू झाला. आता तूच सांग, अडत्यानं गूळ चाखायचा नाही तर काय करायचं? रंग डोळ्याला दिसतो, कडकपणा अंगठ्याला कळतो. पण खारपड रानातल्या उसाचा गूळ खारट आहे का, ते जिभेशिवाय कुणाला कळणार? अप्पा म्हणायचे, दुकान गेलं तरी चालेल, जीभ नको जायला. सकाळी तीस-चाळीस ठिकाणी रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, टोचून कणभर कणभर चाखायचं.

पहिले दोन आठवडे खोळीसकटच चाखला. कण विरघळून आत जातो आणि तिथंच बसतो. एरवी तोंडातली लाळ दात धूत असते, खोळीच्या आत ती पोचत नाही. मग एकदा आरशात बघितलं, हिरडीजवळ दोन दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके. पोपडा धरायच्या आधी भिंत दिसते तसे. कीड लागायची ती सुरुवात. म्हणून मग सौद्याच्या वेळी खोळ काढून डबीत, डबी खिशात. सौदे तीन तास. वर सहा चहा, दोन जेवणं, रविवारची मिसळ. पोरीनं मोबाईलवर वेळ मोजायचं काहीतरी लावून दिलंय, ते मी बंद केलं. सोळा तास होतात. फार तर सतरा.

गेल्या गुरुवारी अकरावा जोड बसवताना मॅडमनी विचारलं, "काका, किती तास घालता?"

मी म्हणालो, "बावीस."

त्या काही बोलल्या नाहीत. तुझ्या कोपराच्या दाताशी नख नेलं. खोळ आणि दात यांच्यामध्ये फट होती, नख आत जाईल एवढी. नुसतं "हं" म्हणाल्या.

दिल्या, ते 'हं' वस्तादांचं होतं. आठवतंय? "किती बैठका?" आणि आपण "पाचशे." वस्तादांनी मांडीवर हात ठेवला, "तुला नाही विचारलं, मांडीला विचारलं." तू लगेच "दोनशे" म्हणून मोकळा झालास, मी पाचशेवर ठाम. तू घरी गेलास, मी महिनाभर आखाड्याची माती उकरली. त्यावरून आपण वर्षभर बोललो नव्हतो. मी अजून म्हणतो, तू गद्दारी केलीस.

परत गुरुवारीच जायचंय. चघळायला मऊ नळकांडी दिल्यात, ती चावून चावून फट थोडी भरलीय, पण मिटलेली नाही. खरं सांगितलं तर कदाचित दहाव्या जोडावर परत, नाहीतर नव्यानं माप, नवे जोड, आणि स्कूटर आणखी लांब. नाही सांगितलं तर ते ठिपके त्यांना दिसणारच आहेत.

त्यांनी उपाय आधीच सांगून ठेवलाय: चाखा आणि थुंका, चूळ भरा, ब्रश करा, लगेच खोळ घाला. मॅडम शहरातल्या. शेतकरी समोर उभा असतो. रात्रभर गुऱ्हाळावर जागून, डोळे लाल करून आलेला. त्याच्या देखत त्याचा गूळ थुंकू? एकदा तोंड वळवून बघितलं. शिरोळकडचा म्हातारा होता. काही बोलला नाही, रव्यावरचं फडकं सारखं केलं फक्त. मी वळून परत एक कण घेतला आणि गिळला.

आता डोक्यात असं आहे: आधी सगळ्या ढिगांवरून फिरून रंग बघायचा, मग एका दमात अर्ध्या तासात चाखून घ्यायचं, चूळ, ब्रश, खोळ. सौदे खोळ घालून करायचे. बोलणं आता नीट येतं. चहा तीनवर आणायचा. जमेल? तुला माझं माहीत आहे.

तुझं सांग. काकांचा गुडघा कसा आहे? चिऊची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार. माझी साखर ठीक, बीपी ठीक. सुऱ्यानं परत दुकान बदललं.

सगळं झालं की रात्रीची रिटेनरची खोळ पुढं वर्षानुवर्षं घालायचीच आहे, नाहीतर दात परत फिरतात. म्हणजे तुझं कोपर माझ्या उशाशी कायम.

हे लिहिताना खोळ समोर डबीत आहे, दोन चहा झालेत, पन्नास मिनिटं गेली. ब्रश करून येतो. गुरुवारच्या आत फोन कर, उचलतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. आहेर पाठवतोय. पाच किलोचा रवा, मी चाखलेला. गिळलेला.