मेंदूच्या नोंदी कुणाच्या?

महोदय,

माझा नातू सातवीत आहे. गेल्या महिन्यात कोथरूडमधल्या त्याच्या क्लासमध्ये मुलांच्या कपाळाला मेंदूच्या लहरी टिपणारी रबरी पट्टी बांधून 'एकाग्रता' मोजली. घरी आला तो कपाळावर तांबडा वळ आणि हातात '६४ गुण' लिहिलेला कागद घेऊन. (ताप मोजावा तसा प्रकार!) या नोंदी जातात कुठे, असे विचारल्यावर संमतिपत्र पुढे आले. बारीक इंग्रजीत लिहिले होते की सेवा सुधारण्यासाठी त्या 'भागीदारांना' देता येतील. खाली सही सुनेचीच, स्कूटर चालू ठेवून केलेली.

अमेरिकेतील कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये मेंदूविषयक माहितीला कायद्याने संवेदनशील, म्हणजे जादा जपायची, ठरवले. चिलीने तर त्यासाठी २०२१ मध्ये राज्यघटनाच दुरुस्त केली. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशीच पट्टी विकणाऱ्या कंपनीला एका माजी सिनेटरच्या नोंदी पुसायला लावल्या.

आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या कायद्याच्या मसुद्यात जनुकीय आणि बायोमेट्रिक माहिती 'संवेदनशील' होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो वर्गच गाळला. म्हणजे मेंदूच्या लहरी आणि किराण्याची यादी एकाच तागडीत! दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारजमा. ज्याची माहिती फुटली त्याला छदामही नाही. मुलांसाठी पालकांची संमती लागते खरी, पण ती कशी घेतात ते वर सांगितलेच.

केंद्राने गाळलेला वर्ग परत आणावा आणि त्यात मेंदूच्या नोंदीही घालाव्यात. तोवर क्लासवाल्यांनी निदान संमतिपत्र मराठीत, मोठ्या टाइपात छापावे.

— एक आजोबा, कोथरूड, पुणे